ओढ्यापलीकडचा दवाखाना

सापाला मी भिते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे वाचणाऱ्याला उगाच वाटायचं की बाई मोठी धीराची होती. झुरळ चपलेने मारते, विंचू चिमट्यात धरून बाहेर टाकलेला आहे, वर्गभर मुलींना नुसत्या डोळ्यांनी गप्प बसवते. पण भिंतीच्या कडेला सुतळी पडलेली दिसली तरी माझा पाय उचलत नाही. अशी मी अकोले तालुक्याच्या डोंगरात राहून आले आणि तेही ऐन सापांच्या दिवसांत. आल्यापासून शाळेतल्या बायका विचारताहेत, काय पाहिलंस? त्यांना दर वेळी थोडं थोडं सांगते आणि पुढचं राहून जातं. म्हणून एकदा बसून सगळं लिहिते आहे.

नगर ते राजूर

माझा धाकटा भाऊ बापू सरकारी डॉक्टर आहे. राजूरच्या पुढे डोंगरात खडकवाडी म्हणून गाव आहे, तिथल्या दवाखान्यात त्याची नेमणूक होऊन दोन पावसाळे झाले होते. 'अक्का, एकदा ये' असं तो सारखा कळवायचा आणि मी शाळेची सबब पुढे करायची. पण दुष्काळाचं ते वर्ष सरलं, नगरच्या नळाला पाणी येऊ लागलं, रेशनच्या परदेशी मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकऱ्या एकदाच्या संपल्या आणि मलाही कुठेतरी जाऊन हिरवं बघावंसं वाटू लागलं. भाद्रपदात गौरी बोळवल्या आणि पिशवी भरली. तेवढ्यात बापूचा निरोप आला की सापाच्या विषावरच्या लशीचा खोका नगरला माझ्या नावाने मिळेल, येताना तो घेऊन ये, भात पिकायला लागला की मला लागतो. बहीण पहिल्यांदा भावाच्या घरी निघाली तर लोक लाडू मागवतात. आमच्या बापूने सापाचं औषध मागवलं. लहानपणापासून असाच आहे.

एसटीत खोका मांडीवर घेऊन बसले. संगमनेरच्या अलीकडे शेजारी एक म्हातारे पाटील येऊन बसले. पांढरा फेटा, हातात काठी. थोडा वेळ खोक्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "बाई, सांडगं हायती का पापड?"

"सापाचं औषध आहे," मी म्हटलं.

एवढंच बोलायचं निमित्त. पुढच्या बाकावरचे वळले, मागचे उभे राहिले, कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायचा थांबला. प्रत्येकाच्या घराण्यात कुणाला ना कुणाला जनावर डसलेलं होतं आणि प्रत्येकाकडे त्यावरचा उतारा होता. कुणी शेरभर तूप पाजलं होतं. कुणी कांद्याचा रस नाकात घातला होता. एका बाईने सांगितलं की तिच्या दिरासाठी कोंबडीची पिल्लं आणून त्यांचा मागचा भाग जखमेला लावला, एकामागून एक पिल्लं मरत गेली, पण दीर उठून बसला. "आणि तूप पाजलेल्याचं काय झालं?" असं मी विचारलं, तर तो माणूस शांतपणे म्हणाला, "त्यो गेला की."

मग मला विचारलं, ह्या औषधात काय असतं. माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी सांगितलं की मुंबईला घोड्यांना सापाचं विष थोडं थोडं टोचतात. घोडा मरत नाही, उलट त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, तो काढून, वाळवून, त्याची पांढरी भुकटी कुप्यांत भरतात. पाण्यात विरघळवून ती माणसाच्या शिरेतून द्यायची. सगळे मन लावून ऐकत होते. माझं संपल्यावर पाटील खोक्यावर हात ठेवून म्हणाले, "घोड्याला लई तरास हुत आसंल." एवढी वर्षं मुलींना शिकवते आहे, पण हा प्रश्न मला कुणी घातला नव्हता. अकोल्याला उतरताना त्यांनी खोक्याला नमस्कार केला.

खडकवाडी

राजूरपासून पुढे दुष्काळी कामावर झालेला खडीचा रस्ता आहे. बापू बैलगाडी घेऊन आला होता. नगरच्या माणसाला त्या दिवसांत तिकडे नेऊन सोडावं, त्याला काही सांगावं लागत नाही. डोंगरउतार सोनकीच्या फुलांनी पिवळे झालेले, खाचरांतून भात पोटरीला आलेला, जिकडेतिकडे पाण्याचा आवाज. मी गाडीतून उतरून उगीचच एका ओहोळात पाय बुडवून उभी राहिले. "अक्का, दगडावर उभी राहा, गवतात नको," बापू म्हणाला. झालं. पुढचा सगळा वेळ मी दगड शोधत चालले.

बापूचं घर दवाखान्याला लागून दोन खोल्यांचं. पहिल्याच सकाळी त्याने शिकवलं की चप्पल झटकल्याशिवाय पायात घालायची नाही, अंथरूण जमिनीवर घालायचं नाही आणि सरपणात हात घालायच्या आधी काठीने हलवून घ्यायचं. दवाखान्यात फळीवर बरण्यांमधून चार साप ठेवलेले होते. लोक मारून आणतात, हा स्पिरिटमध्ये घालतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. मी दारातूनच विद्या घेतली. नाग आणि मण्यार डसले की पापण्या जड होतात, जीभ जड होते आणि शेवटी श्वास अडकतो. घोणस आणि फुरसं डसलं की रक्त गोठेनासं होतं, हिरड्यांतून येतं. "पण कुठलाही असला तरी वेळेवर माझ्याकडे आणलं तर माणूस बहुतेक वाचतो," बापू म्हणाला, आणि बरणी मागे सरकवत, "आणत नाहीत."

त्याचं दुखणं मला दोन दिवसांत कळलं. ओढ्यापलीकडे डोंगराच्या कुशीत उंबरदरा नावाचं गाव आहे. तिथल्या भैरोबाचा सापावर अधिकार आहे असं सगळा मुलूख मानतो. कुणाला जनावर डसलं की त्याला भैरोबाच्या देवळासमोर निजवायचं, कडुनिंबाचा पाला चारायचा, ढोल वाजवून जागं ठेवायचं. आणि ओढा ओलांडायचा नाही. ओढ्यापाशी भैरोबाची हद्द संपते. हद्दीबाहेर नेलं की देवाचा हात सुटतो आणि विष एकदम माथ्याला जातं, असं तिथे लहान पोरही सांगेल. गेल्या भातकापणीला ठकूबाई म्हणून एका विधवेचा एकुलता मुलगा, बाळू, जनावर डसून असाच देवळासमोर गेला. बापूला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. हा तसाच तिथे गेला आणि देवाच्या भगताला चारचौघांत म्हणाला, तुम्ही मारलंत त्याला. तेव्हापासून उंबरदऱ्याचं कुणी तापासाठीसुद्धा दवाखान्याची पायरी चढेना.

अपवाद एकच, आणि तोही भगताच्या घरातला. भगत सखारामबाबांची बायको भीमाबाई दर बाजाराला राजूरला जाताना बापूच्या ओट्यावर टेकायची. काकड्या, वालाच्या शेंगा, कधी अळूची पानं ठेवून जायची. औषध घ्यायची नाही, नुसती बसायची. मी गेले त्या आठवड्यात आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "डागदरदादा, तुमी वाळल्याले, तुमची भन ब्येस हाय. दोगांचं ताट येकाच घरातलं हुतं न्हवं?" मला ती तिथेच आवडली. जाताना आम्हाला जेवायचं आवतण देऊन गेली. बापू कुरकुरला, की भगतबाबा माझ्याशी बोलत नाहीत. त्यावर ती म्हणाली, "त्ये माज्याशी तरी कुटं बोलत्यात? जेवायला या."

उंबरदरा

ओढा रुंद आहे पण पाणी गुडघ्याएवढं. पलीकडच्या काठावर शेंदूर लावलेला एक धोंडा, तीच देवाची हद्द. वर्षातून एकदा भैरोबाचा पितळी मुखवटा पालखीतून इथवर आणतात, अंघोळ घालतात आणि मागे फिरतात. पुढे चढ चढून गेलं की गाव. घाईने चाललं तर दवाखान्यापासून तासाभराची वाट.

भगतबाबांचं घर देवळाच्या शेजारीच. बाबा उंच, हाडापेराचे, डोक्याला लाल मुंडासं. बापूला बघून त्यांनी रामराम केला, पण भिंतीकडे बघून. माझ्याशी मात्र चांगले बोलले. नगरला यंदा किती पाणी झालं ते विचारलं, मग म्हणाले, "हितं देव पाऊस द्यायला चुकत न्हाई. तुमच्याकडं कोन देव हाय?"

चुलीपाशी भीमाबाई भाकरी थापत होती आणि तिच्या बाजूला एक लुकडी बाई खाली मान घालून कुर्डूची भाजी निवडत होती. तीच ठकूबाई. बाळू गेल्यापासून तिने घरात चूल पेटवली नव्हती. भीमाबाई रोज दुपारी तिला हाताला धरून आणायची आणि समोर बसवून जेवायला घालायची. "पोरगं गेलं म्हून प्वाट जातं व्हय?" असं तिला आमच्यादेखतच दटावत होती आणि पानात भात वाढत होती. आमच्याकडे असल्या घरी दबक्या आवाजात बोलतात. इथे दटावतात, पण जेवल्याशिवाय उठू देत नाहीत. मला ही रीत जास्त माणुसकीची वाटली.

काळभाताचा वास मी जन्मात विसरणार नाही. तांदूळ दिसायला साधा, पण झाकण काढलं की घरभर दरवळ. बरोबर नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी, वालाचं कालवण आणि बापूसाठी खास खेकड्यांचा रस्सा. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी खेकडा शिवलेला नाही. बापू तो मटामटा चोखत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. आईला सांगू का म्हणून मी त्याला खूण केली तर निर्लज्जासारखा हसला.

भाकऱ्या संपत आल्या तशी भीमाबाई मागच्या पडवीत गोवऱ्या आणायला गेली. आम्ही बोलतच होतो. ती परत आली ती रिकाम्या हाताने. उजवा हात डाव्या हातात धरलेला. उंबऱ्यात टेकली आणि नवऱ्याला म्हणाली, "अवं, मला जनावर डसलं."

ओरडली नाही, काही नाही. बापू उष्ट्या हाताने उठला. पडवीत गोवऱ्यांच्या ढिगामागे त्याने बघितलं आणि परत येऊन हळूच मला म्हणाला, "नाग आहे." भीमाबाईच्या तळहाताच्या मागे दोन ठिपके होते आणि आजूबाजूला सूज धरायला लागली होती. भगतबाबांनी दोरी आणि वस्तरा काढला. वस्तरा बापूने काढून घेतला. चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात हलू द्यायचा नाही, असं म्हणत त्याने एका फळीवर तिचा हात पट्टीने सैलसर बांधायला घेतला. पण मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या गच्च भरलेल्या. हात सुजला की त्या रुतणार. "फोडा त्या," बापू म्हणाला.

"न्हाई," भीमाबाई म्हणाली. "मालक जिता हाय माजा. बांगडी फुटायची न्हाई."

बापू तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्याला गप्प बसवलं. माणूस शिकला की त्याला बाकीचं काही कळेनासं होतं. मी तेलाची वाटी घेतली, तिच्यापुढे मांडी घालून बसले आणि एकेक बांगडी तेलाने सरकवत काढली. शेवटच्या दोन फार अवघड गेल्या. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंडाने मला विचारत होती, भाजीला मीठ बराबर हुतं का. सगळ्या बांगड्या शाबूत निघाल्या. मी त्या भगतबाबांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या घेतल्या आणि कुठे ठेवायच्या ते त्यांना सुचेना.

तोवर गाव जमलं होतं. कुणी काही विचारलं नाही, नेहमीच्या वहिवाटीने तिला उचललं आणि देवळासमोर घोंगडीवर निजवलं. ढोल सुरू झाला. भगतबाबांनी कडुनिंबाचा पाला तिच्या तोंडात दिला. "कडू लागतंय का?"

"कडू हाय."

लोकांनी सुस्कारा टाकला. पाला कडू लागला म्हणजे विष चढलेलं नाही. बापू तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. "मावशी, वर बघा. कळसाकडे." तिने हनुवटी वर केली, मान मागे टाकली, पण पापण्या काही वर जाईनात. अर्ध्या डोळ्यांवरच राहिल्या. ते बापूने बघितलं आणि भगतबाबांनीही बघितलं. दोघांची नजरानजर झाली. त्या दिवसातली ती पहिली.

"बाबा," बापू म्हणाला, "हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"औशिद हितं आना."

"जायला तास आणि यायला तास. तेवढा वेळ नाही हिच्याकडे. आणि श्वास अडकला तर लागणारं सामान मी इथे कसं आणू? न्यायलाच पाहिजे."

"वढा वलांडायचा न्हाई."

मग बापूचा आवाज चढला. तो सरकार म्हणाला, कायदा म्हणाला, अडाणीपणा म्हणाला. ढोलवाला त्याहून मोठ्याने बडवू लागला. मी बापूचा दंड धरून त्याला मागे ओढलं. बोलणं चाललं होतं तोवर भीमाबाईची जीभ जड होत होती. मला काहीतरी सांगायला लागली ते मला समजेना, लाळ मात्र ओठाच्या कोपऱ्यातून येऊ लागली. मी तिला कुशीवर वळवलं आणि पदराने तोंड पुसत राहिले. मला फार भीती वाटली. जिने तासापूर्वी मला वाढलं होतं ती बाई माझ्या मांडीवर विझत चालली होती आणि दवाखाना ओढ्यापलीकडे होता.

भगतबाबा वाकले आणि बापूशी हळू आवाजात बोलले. मी जवळ होते म्हणून ऐकलं. "डागदर, तुमी म्हंता ते मला दिसतंय. मी काय आंदळा न्हाई. पन ठकीच्या बाळूला मी ह्याच जाग्यावर निजवला. त्याचं बी डोळं आसंच झाल्तं. ठकी म्हनत हुती, न्हेऊ का दादा पल्याड? मी न्हेऊ दिला न्हाई. आन् आता बायकू माजी म्हनून मीच वढा वलांडू? देव येकांद्या टायमाला सोडंल मला. पन ठकीला कोन्तं त्वांड दावू?"

बापूने पुन्हा तिची नाडी बघितली. मी पुन्हा तिचं तोंड पुसलं.

ठकूबाई बायकांच्या घोळक्यात बसलेली होती. ती उठली. माझ्या शेजारून गेली, देवळाच्या पायऱ्या चढली आणि थेट गाभाऱ्यात शिरली. बायकांनी गाभाऱ्यात जायचं नाही अशी तिथली रीत. ढोल आपोआप थांबला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या पदरात भैरोबाचा पितळी मुखवटा होता, शेंदराने आणि तेलाने चकाकणारा. आमच्या जेवणात तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. आता ऐकला.

"हद्द देवाची हाय न्हवं? मंग देव जाईल तितंवर हद्द. देव म्होरं चालतो. उचला तिला."

कुणी हललं नाही. तिने भगतबाबांकडे बघितलं. "भगतदादा, रोज हिच्या हातचं खाते मी. उचला."

बाबांनी बांबू आणला.

दवाखान्यात

घोंगडीची झोळी करून तरणी माणसं धावत निघाली. सगळ्यांत पुढे ठकूबाई, देव छातीशी धरून. ओढ्याच्या काठाशी झोळीवाल्यांची पावलं मंदावली. ती मंदावली नाही. पाण्यात शिरली, लुगडं भिजलं, पलीकडे गेली आणि मागे वळून उभी राहिली. मग झोळी पाण्यात आली. मी शेवटी, चपला हातात घेऊन, गवत आहे की दगड हे न बघता पळत होते. सापाची आठवण मला दवाखान्यात पोचल्यावर झाली.

बापू आधी जाऊन तयारीला लागला होता. बसमध्ये पाटलांनी नमस्कार केलेला तो खोका उघडला, कुप्या फोडल्या, भुकटी विरघळवली आणि बाटलीतून थेंब थेंब शिरेत सोडली. थोड्या वेळाने तिच्या अंगावर गांधी उठल्या, कधी कधी उठतात म्हणे घोड्याच्या औषधाने, त्यावर वेगळं इंजेक्शन दिलं. पण विष आधीच पुढे गेलं होतं. छाती नीट वरखाली होईना. बापूने तिच्या तोंडावर रबरी वाटी धरली, आणि वाटीला लावलेली फुग्यासारखी पिशवी दाबायला लागला. दाबली की छाती वर, सोडली की खाली.

"हे आता संध्याकाळपर्यंत न थांबता करावं लागेल," तो म्हणाला. "मला बाटलीकडे बघायला हवं. अक्का, तू धर."

मी धरली. पंधरा-वीस मिनिटं दाबून माझे हात भरून आले. तेवढ्यात भगतबाबा दारातून आत आले. पिशवीकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "सरा, बाई. रातभर ढोल वाजिवल्याला हात हाय ह्यो." बापूने दाखवलं: दाबा, सोडा, दाबा, सोडा. बाबांनी पिशवी घेतली आणि ठेका धरला. दाबताना "भैरोबाच्या नावानं", सोडताना "चांगभलं". बापू मध्ये एकदा म्हणाला, "बाबा, म्हणा खुशाल, पण जरा हळू. माणूस एवढ्या घाईने श्वास घेत नाही." बाबांनी लगेच लय उतरवली. मग बापू बाटलीतले थेंब बघायचा आणि बाबा चांगभलं म्हणायचे, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच ते दोघे एकमेकांचं ऐकत होते. मला हसू येत होतं आणि रडूही.

देवाची मात्र पंचाईत. भैरोबाला ठेवायचं कुठे? टेबलावर सुया उकळत होत्या, फळीवर बरण्यांतले साप होते. शेवटी ठकूबाई उशापाशी लोखंडी स्टुलावर बसली आणि देव तिच्याच मांडीवर राहिला. सबंध दुपार ती हलली नाही. मी चहा दिला तर एका हाताने प्याली.

दिवे लागायच्या सुमाराला बापूने बाबांचा हात धरून थांबवला. आम्ही सगळे भीमाबाईच्या छातीकडे बघत राहिलो. ती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. कुणी दाबत नव्हतं. बाबांनी रिकामे हात तसेच धरून ठेवले होते. मग ते भिंतीशी जाऊन बसले आणि बापू त्यांच्या शेजारी बसला. नंतर बापू म्हणाला, "गेल्या वर्षी मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं." बाबा म्हणाले, "खरं बोल्लात."

दुसऱ्या सकाळी भीमाबाईने डोळे पुरते उघडले. हात मांडीएवढा सुजला होता, पण जीभ सुटली होती आणि ती आम्हा सगळ्यांनाच महागात पडली. आपल्या चुलीवरचं कालवण कुणी उतरवलं का, ठकी जेवली का, डागदरदादाच्या घरात मीठ कुठे असतं ते कुणालाच कसं ठाऊक नाही. मी तिला औषधाची हकीकत सांगितली, घोड्यासकट. ती म्हणाली, "मंग मी आता जलमभर घोड्याची मिंधी. त्याला गूळ द्याया सांगा मुंबईला." मी हो म्हटलं. कुणाला सांगायचं ते अजून मला ठाऊक नाही.

परत

हाताची सूज उतरायला लागली तसं बापूने तिला घरी जायला सांगितलं. मी त्यांना पोचवायला निघाले, माझीही सुटी संपत आली होती. सकाळचं भादव्याचं ऊन चांगलंच तापलं होतं. हात गळ्यात बांधलेली भीमाबाई सगळ्यांच्या पुढे, कारण तिला मागे चालणं माहीतच नव्हतं. तिच्यामागे बाबा आणि बापू, आणि ठकूबाईच्या पदरात देव. पलीकडच्या काठावर गाव ढोल घेऊन उभं होतं.

पाण्याच्या काठाशी ठकूबाई थांबली. वाकून तिने भैरोबाचं तोंड ओढ्याच्या पाण्याने धुतलं, पदराने पुसलं आणि तिथेच खडकावर बसली. मला वाटलं दमली असेल. पलीकडचे ढोलवाले वाट बघत होते. ती पाण्याकडे बघत कुणाला तरी सांगितल्यासारखं बोलायला लागली.

"दर बाजाराला ह्यो वढा वलांडते मी. शेंगांची पाटी डोक्यावर घिऊन वलांडते. करडू इकायला न्हेलं, त्ये कडंवर घिऊन वलांडलं. दवाखान्याच्या म्होरनंच वाट हाय." तिचा आवाज फुटला. "माजा बाळू तेवढा न्हाई न्हेला."

बाळू गेल्यापासून ती कुणासमोर रडली नव्हती, असं भीमाबाईने मला नंतर सांगितलं. आता ती रडली. भीमाबाई एका हाताने तिला धरून शेजारी बसली. बापूने तोंड फिरवलं. माझेही डोळे वाहत होते आणि मी ते पुसले नाहीत.

भगतबाबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. डोक्यावरचं मुंडासं त्यांनी दोन्ही हातांनी उतरवलं, खाली बसले आणि ते तिच्या पायांपाशी ठेवलं. पांढरे विरळ केस, त्यावर ऊन. उंबरदऱ्यात भगताचं उघडं डोकं कुणी पाहिलेलं नसावं, कारण पलीकडच्या काठावरच्यांनी माना खाली घातल्या.

ठकूबाईने नाक पुसलं. मुंडाशाकडे बघितलं, मग त्यांच्या डोक्याकडे.

"घाला त्ये, दादा," ती म्हणाली. "ऊन लागंल."